क्रोएशियात बेटाचं नाही, बंदराचं नाव बघा (आणि आणखी काही चुका टाळा)

ह्वार बेटावर जायचं म्हणून आम्ही स्प्लिट शहराहून गाड्या नेणारी फेरी पकडली आणि दोन तासांनी उतरलो ते स्तारी ग्राडला. बेट तेच, गाव भलतंच. आमची खोली ह्वार गावात, बेटाच्या दुसऱ्या बाजूला. सोबतची माणसं धक्क्यावरच्या बसमध्ये पटापट चढत होती, आम्ही फोटो काढत बसलो. बस गेली. फोटो मात्र झकास आलेत.

तेव्हा तिकीट काढताना बंदराचं नाव वाचा. स्प्लिटहून ब्राच बेटावर जाणारी फेरी उत्तरेला सुपेतारला लागते. ज्याच्यासाठी बहुतेक जण तिथे जातात, तो झ्लात्नी रातचा किनारा दक्षिणेला, बोल गावाजवळ.

फेरी आणि कॅटमरान (फक्त माणसं नेणारी वेगवान बोट) यांतही गल्लत होते. कॅटमरान झटपट नेते, थेट ह्वार गावात सोडते, पण गाडी घेत नाही. तिचं तिकीट ठरावीक फेरीचं असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आधीच संपतं. फेरीत पायी जाणाऱ्याला सहसा जागा मिळते. गाडीवाल्यांनी मात्र बरंच आधी रांग धरावी. स्प्लिट-दुब्रोव्हनिक कॅटमरान फक्त हंगामात चालते आणि दुब्रोव्हनिकला रेल्वे नाहीच, त्यामुळे हिवाळ्यात बसच.

आणि वारा. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणाऱ्या गार, झोडपणाऱ्या वाऱ्याला इथे ‘बुरा’ म्हणतात. नावातच सगळं आलं! गंमत अशी की तेव्हा आभाळ बहुधा लख्ख असतं. आम्ही ऊन खात धक्क्यावर पोचलो तर तिकीट खिडकीवर ‘रद्द’चा कागद. दक्षिणेचा ‘युगो’ वारा निदान ढग आणून आधी वर्दी देतो. बोट रद्द झाली तर हॉटेलकडे परत फिरू नका. कॅटमरान रद्द असली तरी मोठी फेरी पुष्कळदा सुटते, आधी तिची चौकशी करा. विमानाच्या आदल्या रात्री बेटावर मुक्काम ठेवू नका. आमचं विमान थोडक्यात वाचलं.

कागदपत्रांबाबत जुनी माहिती नडते. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो चालतो आणि देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. कुणाकडून घरी उरलेल्या जुन्या चलनाच्या, ‘कुना’च्या नोटा आणल्यात तर दुकानदार घेणार नाही. खरा घोळ व्हिसाचा. दुब्रोव्हनिकहून बोस्नियातल्या मोस्तारची किंवा मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरची एका दिवसाची सहल सगळे विकतात, पण बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनबाहेर आहेत. व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तिकडे गेल्यावर परतीचं दार बंद. तसा व्हिसा आधीच मिळाला असेल तर मोस्तार सोडा. क्रोएशियातलीच त्रोगिर आणि शिबेनिक बघा, दोन्हीकडची जुनी दगडी कॅथेड्रल सुरेख आहेत. स्प्लिट-दुब्रोव्हनिक रस्त्यावरही बोस्नियाचा नेऊम हा किनारपट्टीचा तुकडा मध्ये येतो. २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाल्यापासून तो टाळता येतो, पण बस कुठून जाते हे तिकिटाआधी विचारून घ्या.

दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवर दुपारी चढू नका. जवळपास दोन किलोमीटरचा फेरा, सावली नावापुरती, आणि जहाजांतून उतरलेली गर्दी. सकाळी दार उघडताच जा. तटबंदीचं सुटं तिकीट काढण्याआधी शहराच्या पासचा भाव बघा, त्यात तटबंदी येते. वेशीवर हातात शहराची प्रतिकृती धरलेला संत दिसेल, तो व्लाहो, म्हणजेच साव ब्रास. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळीत याच संताचं चर्च आहे. दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचं नातं सांगतात.

किनारे बहुतेक गोट्यांचे. खडकांत काळे काटेरी सी-अर्चिन असतात, म्हणून रबरी बूट घालूनच पाण्यात उतरा आणि बॅगेत चिमटा ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी एवढंच: ‘मांस नको’ म्हटलं की मासे चालतील असा अर्थ घेतला जातो, तेव्हा ‘मासेही नको’ हे वेगळं सांगा. काळा रिझोटो (मऊसर भात) मशरूमचा समजून मागवू नका, ती माकुळाची शाई असते. बेकरीतला बुरेक, म्हणजे चीज भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ, लसूण-बटाटा घातलेली ब्लित्वाची पालेभाजी आणि स्प्लिटकडे मिळाला तर तीच पालेभाजी भरलेला, चपट्या पोळीसारखा सोपार्निक, यावर आमचा आठवडा मजेत गेला.