घोटा मुरगळला की लगेच चोळू नका : हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यात या चुका टाळा

पोलीस भरती निघणार अशी नुसती कुणकुण लागली तरी साताऱ्यातली मैदानं पहाटे पाचलाच भरायला लागतात. कुणी अजिंक्यताऱ्याचा चढ मारतं, कुणी यवतेश्वरचा घाट. पावसाळ्यात त्यांच्यात हिल मॅरेथॉनवाले मिसळतात. सगळ्यांची दुखणी ठरलेली : घोटा, नडगी, मांड्या, कंबर. उपायही ठरलेला : चोळा, ओढा, कडकन आवाज काढून घ्या. पण दुखतंय ते हाड आहे, दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट आहे की स्नायू, हे बघायच्या आधीच तेलाची बाटली निघते. तिन्हींचं भरून येणं वेगळं असतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

‘बोटं हलतायत, म्हणजे हाड शाबूत आहे’

ही समजूत सगळ्यात पक्की आणि सगळ्यात चुकीची. पायाची बोटं हलवणारे मोठे स्नायू पावलात नसतातच. ते गुडघ्याखाली, पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात आणि लांब कंडरांनी (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांनी) बोटं ओढतात. त्यामुळे घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं खुशाल हलतात.

घोटा मुरगळतो तेव्हा पाऊल बहुतेक वेळा आत वळतं आणि ताण बाहेरच्या बाजूला येतो. बाहेरचा उंचवटा म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं खालचं टोक. तिथून पुढे पावलाकडे जाणारं लिगामेंट सहसा आधी फाटतं. आत रक्त साकळतं, सूज येते, दुसऱ्या दिवशी निळंजांभळं होतं. अशा ताज्या फाटलेल्या जागी चोळणं म्हणजे रक्तस्राव वाढवणं. शेक आणि मालीश पहिले दोन दिवस तरी नकोच. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा (बोटं निळी पडतील इतकं घट्ट नाही) आणि पाय उशीवर उंच ठेवा. आंबेहळदीचा लेप लावलात तर आजीचं समाधान होईल, त्याला माझी हरकत नाही. फक्त लावताना रगडू नका.

एक्सरे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपी कसोटी मांडली, ती आजही जगभर वापरतात. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्सरे. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेला हाडावर दाबून दुखलं, तरी एक्सरे. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड हाताला लागतं तिथं, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर, दाबून दुखलं तरीही.

सूज उतरली म्हणजे काम झालं असंही नाही. पाऊल कसं पडतंय याची खबर लिगामेंटमधून मेंदूकडे जात असते. ते फाटलं की ही खबर उशिरा पोचते, म्हणून तोच घोटा महिन्याभरात पुन्हा वळतो. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. जमायला लागलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून करा. पोरांना हा व्यायाम फालतू वाटतो, पण परत मैदानात उतरायच्या आधी मी हाच बघतो.

नडगी दुखतेय आणि सराव चालूच

१६०० मीटरची वेळ कमी करायच्या नादात पोरं रोज डांबरीवर घड्याळ लावून पळतात, तेही झिजलेल्या बुटांत. दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, पाय मात्र मागे राहतात. कारण हाड हे जिवंत आहे. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं घालतं. मधल्या काळात ते उलट कमजोर असतं. नेमके तेच दिवस जोर लावायचे ठरवलेले असतात.

नडगीची आतली कड बोटांनी वरून खाली चाचपा. वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि थोडं पळून गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा स्नायू जिथं हाडाला धरतात तिथला दाह आहे. पळणं कमी करा, मातीवर पळा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. ती सुरुवातीच्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्सरे नॉर्मल आहे’ म्हणून पळत राहिलेला पोरगा पूर्ण हाड मोडून घेऊ शकतो. हाडांच्या डॉक्टरांना गरजेनुसार एमआरआयबद्दल विचारा. सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवावं लागेल, आणि भरती तोंडावर आहे हे हाडाला सांगून उपयोग नाही.

उतार सोपा समजणं

यवतेश्वर चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतारामुळे. उतरताना मांडीच्या पुढचे चार स्नायू ब्रेक लावत असतात, म्हणजे ताणले जात असतानाच काम करतात. त्यात स्नायूंचे धागे बारीक बारीक फाटतात आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ हे कारण खरं नाही, ते तासाभरात रक्तातून निघून जातं. हलकं चाला, नीट झोपा, दणकून मालीश नको. मात्र मांड्या टणक सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुटलेल्या स्नायूंमधला घटक मूत्रपिंडाला इजा करतो.

कंबर भरली की पायाळूची लाथ

उसण भरली की लाथ मारून घ्यायला पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेला) माणूस शोधणारी घरं अजून आहेत. उसण बहुतेक वेळा स्नायूंची असते आणि काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय लाथेला मिळतं. मणक्यांमधली गादीही ‘सरकत’ नाही. ती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, तिच्या कडेतून आतला मऊ भाग बाहेर फुगतो. अशा पाठीवर लाथ काय करेल याचा विचार करा. अंथरुणात पडून राहण्यापेक्षा हळूहळू चालणं बरं. पाय लुळा पडला, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक रात्रही थांबू नका.

गुडघ्यातल्या नुसत्या कटकट आवाजाला, दुखत नसेल तर, औषध लागत नाही.

निखळलेला खांदा ओढणं

कराड तालुका खाशाबा जाधवांचा. तिथल्या तालमींत खांदा निखळणं नवं नाही, आणि तो बसवून देणारा वस्तादही असतो. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून हात एवढा फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. पण शेजारूनच खांद्याच्या स्नायूची नस जाते, आणि सोबत हाडही मोडलेलं असू शकतं. हात आहे तसा गळ्यात बांधा आणि दवाखान्यात न्या.

शाळकरी पोराचं ‘मुरगळलं’

लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा (जिथून हाड लांब होतं तो मऊ थर) असते, आणि ती शेजारच्या लिगामेंटपेक्षा कच्ची असते. ज्या झटक्यात मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटतं, त्याच झटक्यात मुलाची ही कूर्चा सरकू शकते. ती नीट भरली नाही तर हाड आखूड किंवा वाकडं वाढतं. म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोराचा घोटा किंवा मनगट सुजलं, तर चोळायला न देता थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.