दहावीच्या मुलांना गणित शिकवताय? या चुका टाळा

कॉलेज सांभाळून संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. कुणी एनएसएसमधून, कुणी वस्तीतल्या अभ्यासिकेत, कुणी शेजारच्या काकूंनी गळ घातली म्हणून. विषय येतो म्हणजे शिकवताही येईल, असं आपण धरून चालतो. घोटाळा बहुतेक एकाच ठिकाणी होतो. मूल नेमकं कुठे अडलंय हे बघण्याआधीच आपण बोलायला लागतो.

समजा, १२, ९, ६, ३... या अंकगणिती श्रेढीचं दहावं पद काढायचंय. मुलगी सूत्र बरोबर लिहिते, किमतीही बरोबर घालते आणि पुढच्या ओळीत मांडते: १२ + ९ - ३ = १८. अशा वेळी बरेच ताई-दादा सूत्र पुन्हा पहिल्यापासून समजावतात. पण सूत्र तिला येतंच! तिने कंस सोडला आणि ९ × (-३) हा गुणाकार राहून गेला. कच्चा आहे तो सातवीतला पूर्णांक संख्यांचा धडा. तिला एवढंच विचारा, "आकडे कमी कमी होत चाललेत, मग दहावा १८ कसा आला?" ती थांबेल, वरच्या ओळीवर बोट ठेवून परत बघेल. मग उणे संख्यांच्या गुणाकाराची चार-पाच उदाहरणं करून घ्या आणि श्रेढीकडे परत या. -१५ हे उत्तर तिचं तिलाच काढू द्या. तोवर पेन आपल्या हातात नको. गप्प बसून बघत राहणं फार जड जातं, पण खरं शिकवणं तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे.

"कळलं का?" हे विचारून काहीच कळत नाही. "हो दादा" हे उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा आकडे बदलून तेच उदाहरण द्या. भूमितीत प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घडाघडा म्हणणारी मुलं भेटतात. त्यांना त्रिकोण जरा फिरवून, शिरोबिंदूंची नावं बदलून द्या. गाडी अडली, तर ते नुसतं पाठ होतं.

"हे तर सोपं आहे" असं धीर द्यायलासुद्धा म्हणू नका. ज्याला ते येत नाहीये, त्याला "तुला एवढंही येत नाही?" असंच ऐकू येतं आणि तो पुढची शंका पोटातच ठेवतो.

सेमी-इंग्रजीचं मूल शाब्दिक उदाहरणात अडलं, तर आधी प्रश्न मराठीत सांगायला लावा. काय दिलंय, काय काढायचंय, एवढंच. पुष्कळदा गणित येत असतं, वाक्यच लागलेलं नसतं.

आपल्या सेमिस्टरच्या तारखा मुलांना आधीच सांगून ठेवा, न सांगता गायब होऊ नका. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. तुम्ही नसाल त्या आठवड्यांत जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला द्या आणि आल्यावर तो बारकाईने तपासा.

आणि मुलं घरचंही सांगतात. मारहाण किंवा छळ कानावर आला, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. विश्वासातल्या शिक्षकांशी बोला. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे तुम्हीही फोन करू शकता.