कुत्रा निवडताना आकार नंतर, अंगातली रग आधी बघा

छोट्या फ्लॅटला छोटाच कुत्रा, हा हिशेब बऱ्याचदा फसतो. जॅक रसेल टेरियर मांडीवर मावतो, पण दिवसभर घर डोक्यावर घेतो. उलट उंचापुरा ग्रेहाउंड एकदा मनसोक्त धावून आला की तासन्‌तास सोफ्यावर पसरलेला असतो. म्हणून ती जात मुळात कोणत्या कामासाठी तयार झाली, ते आधी शोधा. बॉर्डर कोली मेंढ्या वळवणारा. काम मिळालं नाही तर तो घरातल्या पोरांनाच वळायला लागतो, प्रसंगी टाचेला दात लावून! पग, बुलडॉग गोड दिसतात खरे, पण चपट्या नाकामुळे उकाड्यात त्यांना लगेच धाप लागते. हस्कीच्या केसगळतीबद्दल तर विचारूच नका.

पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. दिवसभर बाहेर असाल तर पिल्लाच्या फंदात न पडता शेल्टरमधला वयाने मोठा कुत्रा बघा. त्याचा स्वभाव बऱ्यापैकी कळलेला असतो. फक्त पिंजऱ्यासमोर उभं राहून ठरवू नका. बाहेर फिरवून आणा, आणि मुलं, गाड्या, दुसरी कुत्री दिसल्यावर तो काय करतो ते पाहा.