हळदीला घरचीच म्युझिक सिस्टीम लावणार असाल तर

वायरींचं प्लस-मायनस, एक्स्टेन्शन बोर्ड, रिमोटचे सेल हे सगळे बघतातच. तुम्ही आधी फोनमधला इक्वलायझर (सूर कमी-जास्त करायची सेटिंग) बंद करा. आमच्याकडे मागच्या लग्नात नेमका तोच राहिला आणि दोन्ही ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले वरचे सूर वाजवणारे छोटे भाग, गेले. इक्वलायझर बंद, ॲम्पवरचा (स्पीकरला पॉवर देणाऱ्या ॲम्प्लिफायरवरचा) बेस, म्हणजे खालचे सूर, मध्यावर, बेस फुगवणारं लाउडनेसचं बटण बंद. बेस 10 डेसिबलने चढवला की त्या सुरांना दहापट पॉवर लागते. 5 वॉटमध्ये भागत होतं तिथे 50 लागतात आणि ॲम्प असतो 40 चा. तो मग सिग्नलच्या लाटांचे माथे सपाट छाटतो. त्यातून गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि क्रॉसओव्हरमधून (स्पीकरमधल्या सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधून) सरळ ट्वीटरकडे जातात. शिवाय बेस अडला तरी नॉब फिरवत राहिलं की ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, चढतच जातो. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची, सतत सोसून सोसणार काही वॉट. ‘स्पीकर 100 वॉटचा आहे, 40 चा ॲम्प त्याचं काय बिघडवणार?’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ते 100 वॉट अख्ख्या स्पीकरचे, त्यातला मोठा वाटा वूफरचा, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा.

बेस हवाच असेल तर स्पीकर भिंतीजवळ, कोपऱ्याकडे सरकवा. पॉवर न वाढवता बेस वाढतो. जास्तीची जोडी त्याच टर्मिनलला जोडू नका, स्पीकरचा विरोध 8 ओहमचा 4 होतो आणि घरचे बरेच ॲम्प तिथे तापतात. गच्चीवर तर ही सिस्टीम नेऊच नका, तिथे भाड्याचा साउंड आणा.

दुपारीच सगळ्यात दणदणीत गाणं लावून नॉब हळूहळू वाढवा. झांजा खरखरायला लागल्या, ‘स’ फाटायला लागला की बऱ्यापैकी मागे या आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा. नॉब अर्ध्यावर म्हणजे पॉवर अर्धी, असं नसतं. सोर्स, म्हणजे फोन, जोरकस असेल तर घड्याळाच्या अकराच्या जागीच ॲम्प संपतो. म्हणून खूण त्याच फोनपुरती खरी. भाचा येऊन म्हणणार, ‘मामा, माझ्या फोनवरून लावतो.’ लावू दे, पण आधी त्याचाही इक्वलायझर बघा. फोन बदलला की इक्वलायझर, दर वेळी. हॉल भरला की माणसं आवाज शोषतात आणि नॉबकडे हात जातो, तेव्हा तिथे घरातलं एक खमकं माणूस बसवा.

ॲम्पवर फुलांचं ताट नको. खरखर आली की लगेच आवाज कमी, गाणं संपायची वाट बघू नका. बंद करताना आधी नॉब शून्यावर.

सकाळी हळू आवाजात एकेका ट्वीटरला कान लावा. गप्प असेल तर स्पीकरमागच्या टर्मिनलला ओहम मोजणारा मीटर लावून उपयोग नाही, तिथे वूफरच दिसतो. ट्वीटरची वायर सोडवून त्याच्याच टोकांना लावा. 8 ओहमच्या ट्वीटरला साधारण 6 दिसतात. काहीच दिसत नसेल तर कॉइल गेली.