मातीकामाचा स्टुडिओ आणि शिकवणी एकत्र कशी चालवावी

भांडी घडवून विकणे आणि ते काम इतरांना शिकवणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. तरीही बहुतेक स्टुडिओ कुंभारांना दोन्ही करावे लागतात, कारण विक्री दिवाळीच्या सुमारास वाढते आणि पावसाळ्यात बसते, वर्गाची फी मात्र दरमहा येते. ही जोडी जुनीच आहे. बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे उभारलेल्या पॉटरीत रोजच्या वापराची भांडी घडवता घडवताच शिकाऊ तयार झाले. १९७१ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत तर उत्पादनाची बाजू प्रामुख्याने डेबोरा स्मिथ यांनी आणि शिकवण्याची रे मीकर यांनी सांभाळली. एकट्या माणसाला अशी वाटणी शक्य नसते, म्हणून त्याने आठवडाच वाटून घ्यावा: स्वतःच्या कामाचे, वर्गाचे आणि भट्टीचे दिवस वेगळे ठेवावेत आणि वर्गाच्या वेळेत ऑर्डरची भांडी घडवण्याचा मोह टाळावा.

शिकवायला केव्हा सुरुवात करावी, याचे माझे उत्तर काहींना कडक वाटते. एकाच मातीवर आणि एकाच भट्टीवर किमान एक वर्ष काम केलेले असावे आणि त्या वर्षातील प्रत्येक भाजणीची नोंद वहीत असावी: तारीख, कोणत्या वेळी किती तापमान, कोणत्या फळीवर काय ठेवले होते, काय तडकले आणि कशामुळे. विद्यार्थी विचारतो ते तडकलेल्या भांड्याबद्दल, चांगल्या निघालेल्या भांड्याबद्दल कोणी काही विचारत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मातीचे आकुंचन लिहावे. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ कोरावी, पट्टी सुकवून पूर्ण भाजावी आणि रेघ पुन्हा मोजावी. ती ८.८ सेंटिमीटर भरली, तर माती १२ टक्के आटते, आणि ९ सेंटिमीटर उंचीचा तयार मग हवा असल्यास चाकावर तो सुमारे १०.२ सेंटिमीटर उंच काढावा लागतो.

जागेबद्दल थोडक्यात. मोठ्या विजेच्या भट्टीला बहुधा थ्री-फेज जोडणी लागते, त्यामुळे भाडेकरार करण्याआधी मीटर पाहावा. हात आणि अवजारे धुतलेले पाणी थेट मोरीत सोडू नये, कारण माती पाइपात बसते. दोन-तीन बादल्यांत ते निवळू द्यावे आणि वरचे पाणी तेवढे ओतावे. कोरडी जमीन झाडूने कधीही झाडू नये. मातीच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस होतो, म्हणून फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी आणि ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, पूड कालवताना योग्य मास्क लावावा. ही शिस्त पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांकडूनही करून घ्यावी.

एका तुकडीत जितकी चाके तितकेच विद्यार्थी घ्यावेत. पहिल्या दिवशी चाकाला हात लावू देऊ नये. माती मळणे, तारेने कापणे आणि कापलेल्या भागात हवेचे बुडबुडे शोधणे एवढेच करावे. नंतर प्रत्येकाला ५०० ग्रॅमचे गोळे द्यावेत. गोळा केंद्रात येईपर्यंत पुढची पायरी सांगू नये, आणि पहिली काही नळकांडी उभी राहिली की ती सर्वांसमोर तारेने उभी चिरावीत. विद्यार्थ्याला ते जिवावर येते, पण तळाशी बोटभर जाड आणि काठाशी कागदासारखी झालेली भिंत त्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की अर्धा तास समजावण्याची गरज उरत नाही. चिरलेली माती पुन्हा पिंपात जाते. पहिल्या चार वर्गांतले काहीही भाजले जाणार नाही, हे फी घेतानाच सांगावे, नाहीतर पुढे कुरबुर होते.

भाजणीत घाई करू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो. ऐन श्रावणात, कोकणातल्या दमट हवेत, मुलांनी घडवलेले मातीचे हत्ती वरून कोरडे दिसत होते म्हणून मी भट्टी लावली. पोटात ओल राहिलेली होती, तिची वाफ झाली आणि शेजारच्या कपांसकट सगळे फुटले. भांडे गालाला लावून पाहावे. गार लागले तर ते अजून ओले आहे. पावसाळ्यात भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर, झाकण किंचित उघडे ठेवून धरावी, मग ६०० अंशांपर्यंत तापमान सावकाश चढवावे. पहिली, म्हणजे बिस्किट भाजणी ९५० अंशांच्या आसपास पुरते; स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांची, ग्लेझ भाजणी मातीनुसार १२२० ते १२८० अंशांपर्यंत जाते. थंड होतानाही ५७३ अंशांजवळ मातीतील क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे, आकारमान एकदम बदलते, त्यामुळे झाकण लवकर उघडल्यास चांगले भांडेही तडकते. खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी शिसे नसलेलेच ग्लेझ घ्यावे आणि त्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. रंग उतरला तर ते भांडे शोभेचे. रंग टिकला म्हणून ते निर्धोक ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच करून घ्यावी.

भाजणीचा खर्च फीमध्ये गुंडाळू नये. भट्टीतील जागा व्यापेल त्या मानाने तो वेगळा घ्यावा, नाहीतर विजेचे बिल आपल्या भांड्यांच्या विक्रीतून भरावे लागते आणि ते महिनोन्महिने लक्षातही येत नाही.

भट्टी १०० अंशांखाली उतरल्यावरच, आणि शक्यतो विद्यार्थ्यांसमोर, उघडावी. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही गोष्ट मराठी घरात सर्वांना ठाऊक असते. येथे थापटण्याऐवजी बोटाचे पेर वापरावे. प्रत्येक भांडे तळहातावर धरून वाजवावे. खणखणीत वाजेल ते त्याच्या धन्याला द्यावे. बद्द वाजेल त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असते, ते चहासाठी न देता पेन्सिली ठेवायला द्यावे आणि वहीत त्याची फळी लिहून ठेवावी.