ट्रॅक कारसाठी रेसिंग सीट निवडताना: माप, पट्टे आणि पक्की बांधणी

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी राहून ट्रॅकसाठी गाडी तयार करणाऱ्याची पहिली अडचण ही, की रेसिंग सीटमध्ये प्रत्यक्ष बसून पाहण्याची सोय जवळपास कुठेच नसते. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे हे तिन्ही नागपूरपासून सुमारे हजार किलोमीटर किंवा त्याहून दूर आहेत. त्यामुळे बहुतेकजण फोटो आणि किंमत पाहून सीट मागवतात. सीट, तिचे पट्टे आणि तिची बांधणी या तीन गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो, आणि त्याची सुरुवात घरी नीट घेतलेल्या मापांपासून होते.

कडक बाकावर ताठ बसावे, खिशातले पाकीट आणि मोबाइल काढून ठेवावेत आणि रेसिंग सूट किंवा जाड पँट अंगावर असू द्यावी. दुसऱ्या कोणाला तरी दोन सरळ फळ्या मांड्यांच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवायला सांगून त्यांच्यामधले अंतर मोजावे. ही आपल्या नितंबांची खरी रुंदी. त्यानंतर खांद्यांची रुंदी, बाकापासून खांद्यापर्यंतची उंची आणि हेल्मेट घालून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची, अशी मापे लिहून घ्यावीत. उत्पादकाच्या तक्त्यात आतली आणि बाहेरची अशा दोन्ही रुंदी असतात. आतली रुंदी आपल्या अंगाशी जुळवायची असते आणि बाहेरची गाडीच्या मधल्या बोगद्यापासून (दोन सीटांमधल्या तळाच्या उंचवट्यापासून) दरवाजापर्यंतच्या जागेशी. लहान हॅचबॅकमध्ये हीच जागा कमी पडते आणि घरी आलेली सीट परत पाठवावी लागते.

गावातल्या सुताराकडून आतल्या रुंदीइतक्या अंतरावर प्लायवूडच्या दोन बाजू उभ्या करून घ्याव्यात आणि त्यांत हेल्मेटसह अर्धा तास बसून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. सपाट तळहात बाजूने आत जावा, मूठ जाऊ नये, इतकी जागा योग्य समजावी. सीट सैल असेल तर वळणावर चालक स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो, आणि मग गाडी वळवण्यासाठी हात मोकळे राहत नाहीत. उलट सीट फार घट्ट असेल तर मांडीला मुंग्या येतात आणि लक्ष पायाकडे जाते.

प्रकारांविषयी फार घोळ घालण्याचे कारण नाही. पाठ मागे-पुढे होणारी सीट रोजच्या वापराच्या गाडीसाठी ठीक असते. केवळ ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला एकसंध, न हलणाऱ्या पाठीची बकेट सीटच घ्यावी. फायबरग्लासची सीट बहुतेकांना पुरते. कार्बन फायबरची सीट हलकी असते, पण त्या जादा पैशांतून चांगले हार्नेस (खांदे, कंबर आणि मांड्यांमधून बांधायचे रेसिंगचे पट्टे) आणि हेल्मेट घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सीटवर एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचे लेबल आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. त्यावर मानकाचा क्रमांक, उत्पादक, मॉडेल आणि उत्पादनाची तारीख असते. एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षे असते, तर ८८६२-२००९ या अधिक कठोर मानकाच्या सीटची १० वर्षे. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या सीटची मुदत बहुधा संपलेली किंवा संपत आलेली असते. नामांकित कंपन्यांच्या नकला ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. म्हणून मॉडेल आणि मान्यता क्रमांक एफआयएच्या तांत्रिक यादीशी ताडून पाहावा. ८८५५-१९९९ साठी ही यादी क्रमांक १२ आहे. स्पर्धेत उतरायचे असेल तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचे त्या वर्षीचे नियम सीट मागवण्यापूर्वीच वाचावेत. वापरलेली सीट घ्यायचीच असेल तर कापडी आवरण काढून बोल्टच्या जागांभोवती केसाएवढी चीर किंवा पांढुरके डाग दिसतात का, ते दिवसाच्या उजेडात तपासावे. अपघातातून निघालेली सीट, वरून कितीही चांगली दिसली, तरी घेऊ नये.

हार्नेसच्या दृष्टीने सीटच्या पाठीतली, पट्टे ओवायची भोके महत्त्वाची असतात. खांद्यांवरचे पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित वरून मागे गेले पाहिजेत. भोके खांद्याच्या खाली असतील तर धडकेत पट्टे पाठीचा कणा खाली दाबतात. खांद्यामागे पट्टे शक्य तितके आडवे जावेत. एफआयएच्या नियमांनुसार खालच्या दिशेचा कोन ४५ अंशांपेक्षा अधिक चालत नाही. कमरेचा पट्टा पोटावर न राहता ओटीपोटाच्या हाडांवर खाली बसला पाहिजे, आणि मांड्यांमधल्या पट्ट्यासाठी सीटच्या तळात भोक असलेच पाहिजे, कारण त्या पट्ट्याशिवाय अंग कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकते. रोल केज (छत दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा) नसलेल्या गाडीत मात्र असे हार्नेस लावू नये: गाडी उलटून छत खाली दबले, तर ताठ बांधलेल्या माणसाला बाजूला झुकायला वाव राहत नाही.

सर्वाधिक काळजी घ्यायची ती बांधणीत. आपल्याकडे मोठ्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डिंगचे दुकान असतेच, आणि जाड लोखंडावर त्या कारागिरांचा हात उत्तम बसलेला असतो. सीटचे ब्रॅकेट ते निश्चित चांगले करतील. पण गाडीच्या तळाचा पत्रा ट्रॉलीच्या चॅनेलसारखा नसून तो जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि त्यातून नुसता वॉशर लावून बोल्ट कसला तर धडकेत तो पत्र्यासकट उपटून निघतो. एफआयएच्या नियमांत किमान ४ ठिकाणी आधार, किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट, पोलादी आधार व पत्र्याखाली लावायच्या प्लेटची किमान ३ मिलिमीटर जाडी आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटरचा संपर्क सांगितला आहे. साडेसहा सेंटिमीटर बाजूची चौकोनी प्लेट घेतली की हा हिशेब बसतो. शक्य तिथे कंपनीने मूळ सीटसाठी दिलेल्या आडव्या पोलादी पट्टीवरच ब्रॅकेट बसवावे.

बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा त्यापुढचा आकडा कोरलेला आहे का, ते पाहावे. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात असे हाय टेन्साइल बोल्ट सहज मिळतात. ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी बोल्टने जोडायच्या सीटच्या आत आटे असलेले धातूचे तुकडे असतात. त्यांत गरजेपेक्षा लांब बोल्ट घातला तर तो कसला जाण्याआधीच तळाला टेकतो आणि ब्रॅकेट ढिलेच राहते, म्हणून भोकाची खोली काडीने मोजून घ्यावी. फायबरच्या सीटला नवे भोक मात्र कधीही पाडू नये. सरकत्या रुळांपेक्षा स्थिर ब्रॅकेट मला पसंत आहे, कारण काळ्या मातीची बारीक धूळ रुळांत बसून खटका अर्धवट लागतो.

सीट कायमची कसण्यापूर्वी क्लच पूर्ण दाबून पाहावा: गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. खांदे पाठीला टेकलेले असताना हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. हेल्मेट आणि छत किंवा केज यांच्यात चार बोटे तरी अंतर असावे. मूळ सीटमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरी काढून काही वेळ थांबल्याशिवाय पिवळ्या वायरिंगला हात लावू नये; हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर अडचणीत येते, म्हणून ती ट्रॅकपर्यंत वाहनावर चढवून न्यावी.

सोयीचा विचार आपल्या हवामानानुसार करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोला भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीतले काळे लेदर हात लावण्याजोगे राहत नाही. आग सहज न पकडणारे कापडी आवरण इथे अधिक योग्य. कंबर दुखत असेल तर पाठीच्या खोबणीत पातळ, घट्ट पॅड लावावे. जाड मऊ गादी टाळावी, कारण धडकेत ती आधी दबते आणि तेवढे पट्टे सैल पडतात.

गाडी शेतातल्या शेडमध्ये ठेवत असाल तर सीटवर पांढरी सुती चादर टाकावी आणि उंदरांचा बंदोबस्त करावा, कारण ते फोमबरोबर हार्नेसचे पट्टेही कुरतडतात. कुरतडलेला पट्टा शिवून वापरू नये, तो बदलावा. पहिल्या ट्रॅक सत्रानंतर गाडी थांबवून चारही ठिकाणचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि पावसाळा संपल्यावर प्लेटांखाली गंज धरला आहे का, ते गाडी वर उचलून पाहावे.