जादुई मुलीची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

साधी शाळकरी मुलगी, अचानक मिळालेली जादू आणि शेवटी सगळ्यांसाठी जीव पणाला लावणारी रक्षणकर्ती. अशा गोष्टी लिहिणारे नवे लेखक बहुधा एकाच जागी अडतात: नायिका निःस्वार्थी होते, पण वाचकाला ते पटत नाही. अशा वेळी मी 'सेलर मून' पुन्हा पाहायला सांगते. नाओको ताकेउची यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) तोएई ॲनिमेशनने केलेली ही मालिका १९९२ ते १९९७ या काळात जपानमध्ये २०० भाग चालली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नायिकेची भीती घालवून टाकणं. 'सेलर मून'ची नायिका उसागी त्सुकिनो चौदा वर्षांची, अभ्यासात कच्ची, रोज उशिरा उठणारी, जरा काही झालं की भोकाड पसरणारी. पहिल्याच लढाईत ती घाबरून रडते. आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मैत्रिणी एकेक करून मरतात, तेव्हाही रडतेच. बदललेलं एवढंच असतं, की आता ती रडत रडत पुढे जाते. तुमची नायिका पाचव्या प्रकरणात धीट झाली असेल, तर तिच्या त्यागाची किंमत तिथेच संपली.

दुसरी चूक, त्याग म्हणजे मरणाची ओढ असं दाखवणं. सर्वस्व पणाला लावताना उसागीला हवं असतं ते साधं, नेहमीचं आयुष्य. शेवटी सगळ्या पुन्हा जिवंत होतात, जुनं काही आठवत नाही आणि ती परत शाळेसाठी धावत सुटते. जगायला आसुसलेल्या मुलीचाच त्याग वाचकाच्या मनाला लागतो.

चांगुलपणा फुकटात देऊ नका. तिसऱ्या पर्वात सेलर युरेनस आणि नेपच्यून या उसागीसारख्याच दोन रक्षणकर्त्या जगासाठी होतारू या लहान मुलीचा बळी द्यायला तयार असतात. उसागी नाही म्हणते. पुढे होतारूवर ताबा मिळवलेली दुष्ट मिस्ट्रेस नाइन विनवणी करते, आणि उसागी विश्वासाने पवित्र चषक, म्हणजे मोठी शक्ती असलेली जादूची वस्तू, तिच्या हाती देते. त्यातून सगळ्या जगावर संकट ओढवतं. युरेनस-नेपच्यूनचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मालिका लपवत नाही, म्हणून तर उसागीचा हट्ट इतका भिडतो. तुमच्या नायिकेला विरोध करणाऱ्या पात्राला मूर्ख केलं असेल, तर त्याला खरंखुरं कारण द्या. प्रसंग आपोआप उभा राहील.

रूपांतराच्या, म्हणजे साध्या मुलीची जादुई रक्षणकर्ती होण्याच्या दृश्याबद्दल थोडंच: पडद्यावर ते दर भागात शोभतं, कागदावर एकदा सविस्तर लिहिलं की पुरे.

एवढं करूनही गोष्ट पोकळ वाटत असेल, तर नायिकेने सर्वांत आधी कोणाला वाचवलं ते तपासा. लूना ही काळी मांजर उसागीला तिचं कर्तव्य समजावते, तेव्हा तिला ते पटत नाही. ती धावते ती नारूसाठी, आपल्या वर्गमैत्रिणीसाठी. मग हळूहळू हा जीव लावण्याचा परीघ वाढत जातो आणि अखेर शेवटच्या पर्वातल्या गॅलेक्सियासारख्या शत्रूपर्यंत पोहोचतो. तुमच्या पहिल्या प्रकरणात अशी कोणी नारू नसेल, तर शेवट घासूनपुसून उपयोग नाही. पहिलं प्रकरण नव्याने लिहा.